सिंकचा पंप आणि बबर मायली

देवउठनी ग्यारशीच्या, म्हणजे कार्तिकी एकादशीच्या, दोन-तीन दिवस आधी आमचं किचनचं सिंक तुंबलं. तसं ते अधूनमधून तुंबतंच, पोहे झाले की हमखास, पण या वेळी पार वरपर्यंत पाणी. नवरा टूरवर, प्लंबर फोनवर म्हणाला "दीदी शाम को आता हूँ", आणि इंदूरमधल्या प्लंबरची शाम म्हणजे परवा. मग मीच सियागंजात गेले आणि एक रबरी पंप घेऊन आले, तोच तो, लाकडी दांड्याला लाल रबराची वाटी लावलेला. चारदा दाबला, भुक्क आवाज करून सगळं पाणी गेलं. आणि मग मला काय सुचलं कोण जाणे, मी तो पंप साबणाने स्वच्छ धुतला, दांडा फिरवून काढला, नुसती वाटी तोंडासमोर धरली आणि उघड-झाक करत "वाऽऽ... वाऽऽ..." करून बघितलं.

लेक दारात उभा. "आई, बरी आहेस ना?"

बरीच होते. त्याला म्हटलं, अरे शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये बबर मायली नावाचा एक पोरगा होता, विशी-बाविशीचा, तो हीच वस्तू ट्रम्पेटच्या तोंडावर धरून वाजवायचा आणि त्याच्या जिवावर ड्यूक एलिंग्टन या जॅझवाल्याचा बँड उभा राहिला. लेक म्हणाला "ही सिंकची वस्तू?" मी म्हटलं हो, सिंकची. तो "ईऽऽ" म्हणून निघून गेला. तर त्याला जे ऐकायचं नव्हतं ते सगळं आता इथे लिहितेय, वाचा बिचाऱ्यांनो.

मला हे वेड आजोबांकडून लागलं, आईच्या वडिलांकडून. ते महूला असायचे. महू म्हणजे छावणी, गोऱ्या साहेबांची वस्ती, आणि १९४७ ला साहेब लोक सामान विकून जायला लागले तेव्हा लोकांनी खुर्च्या घेतल्या, कपाटं घेतली, क्रोकरी घेतली, आणि आमच्या आजोबांनी काय घ्यावं तर एक चावीचा ग्रामोफोन आणि लाकडी खोकंभर तबकड्या. आजी म्हणे महिनाभर बोलत नव्हती. खोक्यातलं बरंचसं फालतूच होतं, हॉटेलात डान्सला वाजतं तसलं गुळगुळीत, पण त्यात एक होती, लेबलवर तो कुत्रा आणि खाली ड्यूक एलिंग्टनचं नाव, गाणं 'मूड इंडिगो'. मी आठ-नऊ वर्षांची असेन. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी सगळे झोपले की आजोबा दार लोटून घेऊन ती लावायचे, दर बाजूला सुई बदलायची, चावी भरायची, आणि मग ती खरखर, आणि खरखरीच्या मागून तो आवाज. मला वाटायचं कुणीतरी तोंडावर उशी धरून गातंय. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "गाऊन नाही राहिला तो, भोंगा वाजवून राहिलाय. पण भोंग्याला गळा फुटलाय बघ." एवढंच. त्यांना जॅझ वगैरे शब्दाशी काही घेणं नव्हतं, ते अमीर खाँसाहेबांचे भक्त, एकच आलाप तासभर ऐकणारा माणूस. पण आपल्याकडे वाद्याची सगळ्यात मोठी तारीफ कोणती, तर 'गायकी अंगाने वाजवतो', सारंगी मोठी का तर ती गळ्याच्या सगळ्यात जवळ जाते म्हणून, आणि आजोबांनी हाच गज लावून एलिंग्टनला पास करून टाकलं होतं.

'मूड इंडिगो'त नेमकं काय केलंय ते मला फार नंतर कळलं. १९३० सालचं गाणं. सुरुवातीला तीनच वाद्यं आहेत, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन (तो सरकत्या नळीचा भोंगा) आणि क्लॅरिनेट. त्या काळात सर्वसाधारण पद्धत अशी की क्लॅरिनेट वर बागडणार, ट्रम्पेट मधे चाल धरणार आणि ट्रॉम्बोन खाली बुडाला. एलिंग्टनने पाट उलटा मांडला, म्यूट लावलेला ट्रम्पेट वर, त्याच्या अगदी खाली चिकटून म्यूट लावलेला ट्रॉम्बोन त्याच्या उंच पट्टीत, आणि क्लॅरिनेट पार खाली, लाकडी, घोगऱ्या आवाजात. तिघंही हळू, तिघंही माइकजवळ. माइक स्टुडिओत येऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती आणि हा माणूस माइकला कसं ऐकू जाईल त्या हिशोबाने सूर बसवत होता. म्हणून ते तीन आवाज वेगळे काढताच येत नाहीत, एकच कुठलं तरी चौथं वाद्य वाजतंय असं वाटतं, जे दुकानात मिळत नाही.

आता म्यूट म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्या भिशीतल्या एकीला वाटलं की मी मोबाइलच्या म्यूटबद्दल बोलतेय. ट्रम्पेटचं पुढचं जे उघडं तोंड असतं त्यात किंवा त्याच्यावर काहीतरी बसवायचं. सगळ्यात साधा तो स्ट्रेट म्यूट, शंकूसारखा, बाजूला बुचाच्या पट्ट्या लावलेल्या, म्हणजे तो आत अडकून राहतो आणि पट्ट्यांच्या फटीतून हवा जाते. याने आवाज नुसता लहान होत नाही, खालचे भरदार सूर अडतात आणि वरचे धारदार तेवढे बाहेर येतात, म्हणून तो नाकातला, पत्र्यासारखा आवाज. मग कप म्यूट, त्याला पुढे वाटी असते, आवाज मऊ, शाल पांघरल्यासारखा. मग हार्मन, अॅल्युमिनियमचा डबा, मधे दांडी, पुढे १९५०च्या दशकात माइल्स डेव्हिसने ती दांडी काढून टाकली आणि तो आवाज इतका गाजला की आज म्यूट ट्रम्पेट म्हटलं की लोकांना तोच आठवतो, पाऊस, रात्र, सिगारेट वगैरे. माइल्स मोठाच, पण मला तो आवाज जरा घरंदाज वाटतो. मला आवडतो तो त्याच्या आधीचा, सिंकवाला.

सिंकवाला म्हणजे प्लंजर. ही रबरी वाटी डाव्या हातात धरून ट्रम्पेटच्या तोंडावर उघड-झाक करायची. आणि इथे खरी गंमत आहे. आपण 'वा' म्हणतो तेव्हा काय करतो? गळ्यातला सूर तोच असतो, ओठ आधी जवळ आणि मग उघडे, बस. तोंडाच्या पोकळीचा आकार बदलला की त्याच सुरातले वेगवेगळे अंश मोठे होतात आणि आपल्याला 'ऊ', 'आ', 'ई' असे स्वर ऐकू येतात. प्लंजर ट्रम्पेटला हेच करतो. वाटी बंद म्हणजे 'ऊ', उघडली की 'आ', म्हणजे अक्षरशः ओठ दिलेत तुम्ही त्या पितळेला. आणि ट्रिकी सॅम नँटन या ट्रॉम्बोनवाल्यासारखे लोक एवढ्यावर थांबले नाहीत, आत एक छोटा म्यूट बसवायचा, त्यावर बाहेरून प्लंजर, म्हणजे नाकही आलं आणि ओठही आले. वर फुंकताना गळ्यातून गुरगुरायचं, गुळण्या करताना करतो तसं. याला ते ग्राउल म्हणत. तीन थर झाले, घसा, नाक, ओठ. माणूसच तयार झाला की.

हे सुरू कुणी केलं यावर भांडायला लोक आहेत, मी त्यात पडत नाही. पण ज्याचं ऐकून बाकीचे शिकले तो जो ऑलिव्हर, किंग ऑलिव्हर म्हणायचे त्याला, न्यू ऑर्लीन्सचा, कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा आखूड भाऊ वाजवायचा, आणि हाताला येईल ती वस्तू कॉर्नेटच्या तोंडाला लावायचा, बाटली, पेला, बादली. त्याचं १९२३ च्या एप्रिलचं रेकॉर्डिंग आहे, 'डिपरमाउथ ब्लूज'. हे एकदा तरी ऐकाच, पण आधी ते कसं झालं ते माहीत हवं, नाहीतर तुम्ही अर्ध्या मिनिटात खरखरीला कंटाळून बंद कराल.

इंडियाना राज्यात रिचमंड म्हणून गाव, तिथे एका पियानोच्या कारखान्यात जेनेट कंपनीचा स्टुडिओ. शेजारून रेल्वेचे रूळ. गाडी आली की रेकॉर्डिंग थांबवायचं. (आमच्या पश्चिम रेल्वेवाल्या घरात टीव्हीचं तेच.) माइक नाहीच. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला, सगळ्यांनी त्याच्या तोंडाशी जमायचं आणि वाजवायचं, आवाजाच्या नुसत्या धक्क्याने पलीकडची सुई हलायची आणि मेणात रेघ उठायची. मोठ्या आवाजाचा माणूस लांब, लहान आवाजाचा जवळ. बँडमध्ये दुसरा कॉर्नेट होता एकवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग, त्याचा आवाज इतका दणकट की त्याला इतरांपासून दहा-पंधरा फूट मागे नेऊन उभं केलं, पियानो वाजवणारी लिल हार्डिन, पुढे त्याची बायको झाली, तिने ही गोष्ट सांगितलीय. ढोल तर जवळजवळ बादच, जोरात वाजला तर सुई उडायची, म्हणून ढोलवाला लाकडाचे ठोकळे टकटक करत बसायचा.

आणि असा कर्णा ऐकतो किती, तर साधारण २५० ते २५०० हर्ट्झ. खालचा बास गेला, वरची झांज गेली. उरलं काय, मधलं. आणि माणसाचं बोलणं, रडणं, कुरकुर, नाकातलं भांडण हे सगळं बहुतेक याच मधल्या पट्ट्यात असतं, आणि म्यूट लावलेला कॉर्नेटसुद्धा तिथेच. म्हणून होतं असं की त्या रेकॉर्डवर सगळा बँड शेजारच्या बंद खोलीत वाजतोय असं वाटतं आणि ऑलिव्हरचा सोलो आला की तो एकटा दार उघडून आत येतो. उघडा, झळझळीत ट्रम्पेट या जुन्या यंत्रात मार खातो, म्यूटवाला जिंकतो. माझं तर म्हणणं आहे की या लोकांचा म्यूट हा त्या गरीब यंत्राला बरोब्बर सापडलेला गवई होता. रीमास्टर करून खरखर पुसलेल्या आवृत्त्या येतात ना, त्या मला म्हणूनच नकोशा होतात, खरखरीबरोबर थोडा श्वासही पुसला जातो.

ऑलिव्हरचा तो सोलो पुढे लोकांनी स्वर न् स्वर पाठ केला, बंदिशीसारखा. दोन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर हेंडरसनच्या मोठ्या बँडने तेच गाणं 'शुगर फूट स्टॉम्प' या नावाने केलं तेव्हा आर्मस्ट्राँगने आपल्या गुरूचाच सोलो वाजवला. स्वतः ऑलिव्हरचे मात्र हाल झाले. हिरड्यांच्या आजाराने दात गेले, कॉर्नेटवाल्याचे दात जाणं म्हणजे तबलजीची बोटं जाणं, आणि १९३८ मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना गावात तो वारला तेव्हा एका पूल हॉलमध्ये झाडूपोछा करत होता.

बबर मायलीने त्याला शिकागोत ऐकलं. मायली तेव्हा मेमी स्मिथ या गायिकेबरोबर दौऱ्यावर होता, असेल अठरा-एकोणीसचा. ऐकून डोकंच फिरलं पोराचं. न्यूयॉर्कला परत आला, काही दिवसांनी एका छोट्या बँडमध्ये घुसला आणि त्या बँडचा पियानोवाला होता एलिंग्टन. तोपर्यंत हा बँड गोडगोड डान्स म्युझिक वाजवायचा. मायली आला आणि रात्र-रात्र गुरगुरायला लागला. सोबत ट्रॉम्बोनवर ट्रिकी सॅम नँटन, तोही प्लंजरवाला. दोघं मिळून जे बोलायचे, हो बोलायचेच, सवाल-जवाब, त्यातून एलिंग्टनला कळलं की आपल्याकडे वाद्यं नाहीयेत, माणसं आहेत, आणि चाली माणसांसाठी बांधायच्या. पुढची पन्नासेक वर्षं तो तेच करत राहिला, नोटेशनच्या कागदावर 'पहिला ट्रम्पेट' असं न लिहिता वाजवणाऱ्याचं नाव लिहायचा म्हणे.

१९२६ च्या नोव्हेंबरचं 'ईस्ट सेंट लुई टूडल-ऊ' ऐका. खाली ट्युबा आणि सॅक्सोफोन काळ्या ढगासारखे हळूहळू सरकतायत आणि वर मायली पुटपुटतोय. या चालीची एक गोष्ट सांगतात, की मायलीला लेवँडोज नावाच्या लाँड्रीची पाटी सारखी दिसायची, आणि ते नाव तो तोंडात घोळवायचा, ओऽ लीवँडो, ओऽ लीवँडो, त्यातून ही चाल. म्हणजे आधी शब्द, मग सूर. आपल्याकडे भाजीवाल्याची हाक असते तसं. आमच्या गल्लीत सकाळी एक जण "पालक-मेथी-धनियाऽऽ" असा काही कोमल निषादावरून खाली येतो की मी कित्येकदा गरज नसताना पालक घेतलाय. मायली असता तर त्याने यावर तीन मिनिटांची रेकॉर्ड काढली असती. (तीन मिनिटं, कारण दहा इंची तबकडीवर मावायचंच तेवढं. ख्यालवाल्यांनासुद्धा तेवढ्यात राग उरकायला लागायचा, त्याचं रडगाणं पुन्हा कधीतरी.)

मग १९२७ चं 'ब्लॅक अँड टॅन फँटसी'. यातली मुख्य चाल मायलीचीच, एका चर्चच्या गाण्यावरून घेऊन त्याने ती मायनरमध्ये, म्हणजे उदास सुरावटीत नेली. त्याच्या सोलोची पहिली चार मापं तो एकच वरचा सूर धरून ठेवतो, नुसता धरतो, आणि तुम्हाला वाटतं आता हा सुटेल, आता सुटेल, आणि मग सुटतो तो एकदम शिव्या देत. शेवटी शोपँ या पियानोवाल्या संगीतकाराने बांधलेल्या शवयात्रेच्या चालीचा तुकडा. गंमत म्हणजे हे गाणं त्यांनी त्या वर्षी तीन कंपन्यांसाठी रेकॉर्ड केलं आणि 'ओके' नावाच्या कंपनीच्या वेळी मायली नव्हता, त्याच्या जागी जॅबो स्मिथ वाजवून गेला. दोन्ही लागोपाठ ऐकून बघा. जॅबो फार सफाईदार, चुकत नाही कुठे, पण मायली ऐकल्यावर ते दुसऱ्याचं पत्र वाचून दाखवल्यासारखं वाटतं.

आणि त्याच वर्षीचं 'क्रिओल लव्ह कॉल'. इथे अॅडलेड हॉल नावाची गायिका शब्दच गात नाही, नुसते आकार, आणि मधेच गुरगुरते, थेट मायलीसारखी. म्हणजे बघा, आधी ट्रम्पेट माणसाची नक्कल करायला शिकला, आणि मग माणूस त्या ट्रम्पेटची. माझ्या आजोबांना हे ऐकवायचं राहून गेलं.

१९२७ च्या डिसेंबरात एलिंग्टनचा बँड न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या कॉटन क्लबमध्ये लागला. हे काम आधी ऑलिव्हरला विचारलं होतं, पैशावरून त्याने नाही म्हटलं. क्लब गुंडाचा, वाजवणारे, नाचणारे सगळे काळे, आणि समोर बसणारे फक्त गोरे, काळ्या माणसाला गिऱ्हाईक म्हणून आत प्रवेश नाही. स्टेजवर झाडंबिडं, टमटम ढोल, आणि मायलीच्या त्या आवाजाला नाव पडलं 'जंगल स्टाइल'. मला या नावाचा अजूनही राग येतो. लाँड्रीची पाटी वाचून चाल बांधणारा शहरी पोरगा, हातात सिंकची रबरी वाटी, कसलं जंगल? जंगलातलं त्यात एकच होतं, ती तबकडी. त्या वेळच्या रेकॉर्ड लाखेच्या, आणि जगभरात लाख जायची ती बहुतेक हिंदुस्थानातून, पळसावरची, बोरीवरची, कुसुमावरची. जंगल आमचं होतं बाबांनो.

मायली फार दिवस टिकला नाही. प्यायचा, यायचा नाही, १९२९ मध्ये एलिंग्टनने त्याला काढलं. १९३२ मध्ये टीबीने गेला. एकोणतीस वर्षांचा.

हे वाचलं तेव्हा मला देवास आठवलं. इंदूरवाल्याला टीबी आणि संगीत म्हटलं की दुसरं काय आठवणार, पस्तीस-चाळीस किलोमीटरवर टेकरीच्या पायथ्याशी कुमारजींचं घर. कुमार गंधर्व १९४८ मध्ये टीबी घेऊन तिथे आले, हवेसाठी, अंथरुणावर पडून, गायचं बंद, बोलणंसुद्धा जपून. आणि ते वाचले, कारण तोवर स्ट्रेप्टोमायसिन आलं होतं. एक फुफ्फुस निकामी होऊन वाचले. नंतरचं त्यांचं गाणं ऐका, लांब दमाच्या ताना नाहीत, छोटे छोटे तुकडे, मधे श्वास, सूर फेकल्यासारखा आणि लगेच ओढून घेतल्यासारखा, आणि त्या श्वासाच्या जागाच गाण्याचा भाग होऊन बसल्यात. ते औषध सापडलं १९४३ मध्ये. मायलीला अकरा वर्षं कमी पडली. मी हिशोब करत बसले होते त्या रात्री, की तो जगला असता तर एका फुफ्फुसावर ट्रम्पेट वाजवता येतो का, आणि प्लंजरला दम कमी लागतो की जास्त. उत्तर मला नंतर मिळालं, ते खाली येतंय.

मायलीच्या जागी आला कूटी विल्यम्स, अलाबामाचा, सतरा-अठरा वर्षांचा. त्याला कुणी सांगितलं नाही की तू गुरगुर म्हणून, तो शेजारी ट्रिकी सॅमला ऐकत ऐकत शिकला, आणि अकरा वर्षांनी, मार्च १९४० मध्ये, एलिंग्टनने त्याच्यासाठी अख्खं गाणं बांधलं, 'कॉन्चेर्टो फॉर कूटी'. माझ्या मते प्लंजरचं सगळं शिक्षण या एका बाजूत आहे. तीच चाल तो पुन्हा पुन्हा वाजवतो पण दर वेळी वेगळ्या तोंडाने, कधी घट्ट बंद, कधी अर्धवट, कधी गुरगुरून, आणि मग मधेच म्यूट काढून टाकतो आणि मोकळा ट्रम्पेट येतो. त्या क्षणी अंगावर काटा येतो माझ्या, दर वेळी, कारण दीड-दोन मिनिटं तुम्ही दाराआडून ऐकत असता. मग तो परत दार लावून घेतो. 

एलिंग्टन भारतात आला होता, १९६३ मध्ये, दिल्ली, मुंबई वगैरे, त्या दौऱ्यातून पुढे 'फार ईस्ट सूट' झालं, त्यात आग्र्यावर एक आहे आणि दिल्लीच्या मैनेवर एक. इंदूरला नाही आला. पण हा आवाज आपल्याकडे त्याच्या खूप आधी आला होता आणि आपण सगळ्यांनी तो ऐकलाय. तीसच्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये अमेरिकन काळे बँड वाजवायचे, त्यांना ऐकून गोव्याचे लोक तयार झाले, आधीच चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले, आणि त्यातला आंतोनिओ वाझ उर्फ चिक चॉकलेट, ट्रम्पेटवाला, आपल्या सी. रामचंद्रांकडे आला. रामचंद्र चितळकर म्हणजे पुणतांब्याचा माणूस. 'अलबेला' १९५१ चा. तर पुणतांबे, गोवा आणि हार्लेम असं ते एकत्र झालं, आणि मग जुन्या हिंदी सिनेमात क्लबचा सीन आला, खलनायकाने ग्लास उचलला, की मागे तो 'वाऽ-वाऽ' आलाच. आपल्याला तो आवाज म्हणजे वाईट बाई येतेय असं शिकवलं गेलं. बिचारा मायली.

आता सिंकच्या पंपाकडे.

आमच्या मागच्या गल्लीत एक बँडवाले चाचा राहतात, साठीचे, पंचेचाळीस वर्षं बारातीत ट्रम्पेट वाजवतायत. ग्यारशीच्या आधी ते गच्चीवर रियाज करतात, लग्नाचा सीझन सुरू होणार म्हणून. मी ती रबरी वाटी आणि मोबाइल घेऊन गेले आणि त्यांना आधी 'कॉन्चेर्टो फॉर कूटी' ऐकवलं. चाचांनी पूर्ण ऐकलं, डोळे मिटून, आणि म्हणाले, "उस्ताद आदमी है। लेकिन दीदी, हमको पैसा आवाज़ निकालने का मिलता है, दबाने का कौन देगा?" मुद्दा बिनतोड होता. डीजेची गाडी, जनरेटर, फटाके, घोडी, आणि समोर चाळीस जण नागीण करतायत, त्यात म्यूट लावून वाजवलं तर मालक पैसे कापेल.

पण वाटी हातात घेतली होती त्यांनी. फिरवून बघितली, वास घेतला (मी म्हटलं धुतलीये, धुतलीये), आणि लावली. पहिल्यांदा काहीच जमलं नाही, सूर वर चढायला लागला, कारण तोंड झाकलं की सूर थोडा सरकतो आणि तो ओठांनी खाली आणावा लागतो, हे मी फक्त वाचलं होतं, चाचांनी दोन मिनिटांत शोधून काढलं. मग म्हणाले, हवेचा दाब परत येतो अंगावर, मोकळ्यापेक्षा जास्त जोर लागतो, छाती भरून येते. म्हणजे मायलीच्या फुफ्फुसांचं उत्तर मला गच्चीवर मिळालं. थोडा वेळ 'वा-वा' झालं, खालच्या पोरांनी हसून घेतलं, आणि मग चाचा थांबले, घसा खाकरला आणि बिदाईची धून लावली, तीच ती घिसीपिटी, हजार वेळा ऐकलेली. वाटी अर्धी झाकून, हळूहळू उघडत. शेवटच्या ओळीला त्यांनी वाटी बंद केली आणि सूर आतच ठेवला, बाहेर जेमतेम आला. खालची पोरं गप्प. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी एक बाई हातात पापड घेऊन तशीच उभी.

चाचा वाटीकडे बघत म्हणाले, "बारात में नहीं चलेगा। बिदाई में चलेगा। बिदाई में जनरेटर बंद रहता है।"

मी म्हटलं ठेवा. आता सीझन जोरात आहे आणि वाटी त्यांच्या युनिफॉर्मच्या खिशात असते, लाल कोटाला लाल रबर मॅचिंग. दोन-तीन बिदायांत मुलीचे बाप वेगळे पाचशे देऊन गेले म्हणे. इकडे काल आमचं सिंक परत तुंबलंय, दाराआड नुसता लाकडी दांडा उभा आहे, नवरा विचारतोय याचं पुढचं कुठे गेलं, आणि देवशयनीपर्यंत चाचा काही ती परत करत नाहीत.